जुन्या ८००च्या टाकीतलं शिळं पेट्रोल घरी काढता येईल का?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. बाबांची मारुती ८०० आहे, १९९६ची, कार्बोरेटरवाली, इंदूरची, एमपी ०९ पासिंग. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी चालवणं सोडलं आणि मी माझी गाडी घेतली, त्यामुळे ८०० आमच्या मल्टीच्या (म्हणजे फ्लॅटांच्या इमारतीच्या) तळघरात एका कोपऱ्यात उभी आहे. २०२१च्या उन्हाळ्यापासून तिला कोणी हात लावलेला नाही. विकायची नाही हे घरात ठरलंय (खरं तर बाबांनी ठरवलंय, आम्ही ऐकलंय), त्यामुळे आता ती चालू करायची आहे.

अडचण टाकीची. शेवटचं भरलं तेव्हा अर्ध्याहून जास्त भरलं होतं असं बाबा म्हणतात. काटा काही दाखवत नाही, कारण बॅटरी मेलेली. झाकण उघडलं तर पेट्रोलचा नेहमीचा वास नाही, जुन्या ऑइलपेंटचा डबा उघडल्यासारखा येतो. शिवाय मागच्या बाजूला खाली फरशीवर तळहाताएवढा ओला डाग दिसतो. अगदी थेंब पडताना दिसत नाही, पण पुसला की दोन दिवसांनी परत असतो.

आता सल्ले ऐका. शेजारचे काका म्हणतात नळी घाल, तोंडानं ओढ आणि बादलीत सोड. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, एसी पंपाची (इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप) पुढची नळी काढून बाटलीत घाला, दुसरी बॅटरी लावा आणि सेल्फ मारत राहा, पंप आपोआप टाकी उपसून देईल. वेल्डिंगवाला म्हणतो, रिकामी टाकी आणून द्या, भोक तिथल्या तिथे बुजवून देतो. चौकीदारानं तर मागचं चेंबर दाखवलं, इथे ओतून टाका साहेब, कुणाला कळणार नाही.

चौघांपैकी कोणाचं ऐकू? मी हातानं कामं करणारा माणूस आहे, तेल बदलणं, प्लग साफ करणं हे करत आलोय. पण पेट्रोलच्या टाकीला कधी हात लावला नाही.

छप्पनचा_भिया

अरे भिया, एवढी कसली चर्चा? आमच्या गल्लीत सगळे तोंडानंच ओढतात, एक घोट गेला तर वर दूध पितात. निघालेलं पेट्रोल स्कूटरला घाला, संपला विषय.

पीथमपूरचा_रिटायर्ड

सुदामानगरकर, बाबांची गाडी म्हणतोस म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस. माझी नोकरी पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात, दुरुस्ती विभागात झाली. टाकी रिकामी करणं, उतरवणं हे आमचं रोजचंच काम. तुझ्या चार सल्लागारांपैकी एकाचंही ऐकू नकोस.

पेट्रोल घरी काढता येतं. पण 'घरी' म्हणजे तळघरात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागा शोधते. तुमच्या मल्टीचं तळघर म्हणजे तिच्यासाठी आयती खोलगट जागा. तिथे वारा नाही, आणि कोपऱ्यात बोअरची मोटर असणारच. वरची टाकी रिकामी झाली की ती मोटर कोणाला न विचारता आपली आपण चालू होते. तिच्या स्टार्टरमध्ये ठिणगी पडते. लिफ्ट आहे, मीटरचा बोर्ड आहे, कोणाची तरी ई-स्कूटर चार्जिंगला लावलेली आहे. तू काडी पेटवली नाहीस म्हणजे आग लागणार नाही, असं काही नाही. खरं सांगायचं तर तो ओला डाग आजच मला आवडलेला नाही. आधी गाडी बाहेर काढ, बाकीचं नंतर वाच.

ढकलूनच काढ. चालू करून बघायचा मोह नको. चाकांत हवा भर. मागचे ब्रेक चिकटलेले असतील, हँडब्रेक सोडूनही चाक फिरणार नाही, तेव्हा ड्रमवर लाकडाच्या तुकड्यावरून हलके ठोके दे. मोकळ्या, सपाट जागी ने, जिथे आसपास चेंबरचं झाकण किंवा नाली नाही. सकाळची वेळ घे. काही जण म्हणतात थंडीत पेट्रोलला धोका नाही, ते चूक आहे. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांवरसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग इंदूरच्या जानेवारीची काय कथा? सकाळ एवढ्यासाठी की वाफ कमी निघते आणि मे महिन्यातल्या दुपारसारखं डोकं फिरत नाही.

बॅटरी मेलेली असली तरी आधी तिची वायर काढ, निगेटिव्ह पहिली. हे टाकीचं झाकण उघडण्याच्या आधी. झाकण उघडल्यावर बॅटरीकडे जायचंच नाही. मोबाइल बायकोकडे देऊन ये, नाहीतर नेमका त्याच वेळी कुरिअरवाल्याचा फोन येतो आणि हात खिशाकडे जातो. उजेड हवा असेल तर एलईडी टॉर्च लांबूनच चालू करून आण. तारेचा बल्ब असलेला हँडलॅम्प अजिबात नको, तो फुटला की तार उघडी पडते. अंगात सुती कपडे.

आग विझवायला पाणी उपयोगाचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरवत नेतं. मल्टीच्या जिन्यात चार किंवा सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर टांगलेला असेल, तो उतरव. काटा हिरव्यात आहे का बघ. बहुतेक ठिकाणी नसतो. एक बादली कोरडी वाळू ठेव. हे सामान घेऊन एक माणूस नुसता उभा राहील, तो दुसरं काही करणार नाही, नळी धरायलाही नाही.

सियागंज बाजारात हातानं दाबायचा रबरी फुग्याचा पंप मिळतो, दोन्हीकडे नळी असलेला. तो घे. तोंड, सेल्फ, कॉम्प्रेसर, घरातला व्हॅक्यूम क्लीनर (हसू नकोस, हाही प्रयोग करणारे भेटलेत) यातलं काही नको. नळी झाकणाच्या तोंडातून आत सोड. वळणावर अडेल, तेव्हा रेटायची नाही, फिरवत फिरवत न्यायची. तुझ्या गाडीची टाकी जमिनीपासून फार उंच नाही, त्यामुळे उतारानं आपोआप वाहील ही अपेक्षा ठेवू नकोस, फुगा दाबतच राहावं लागेल. गाडी जॅकवर चढवून खाली शिरू नकोस. वरून काढताना खाली जायची गरजच नाही.

गॅरेजवाल्याची सेल्फची युक्ती चालते, नाही असं नाही. पण बघ काय होतं. तीस वर्षं जुना पंप, आतला पडदा फाटलेला असू शकतो. त्याच्या तोंडातून पेट्रोल पिचकारीसारखं बाहेर येतंय, हाताच्या अंतरावर प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर आहे आणि तू स्टार्टरला करंट देतोयस. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच बॉनेटखाली कशाला आणायचं?

आता कशात काढायचं. प्लास्टिकच्या बादलीत नाही. प्लास्टिकवर वाहत्या पेट्रोलचा स्थिर विद्युतभार साठतो आणि तो निघून जायला वाट नसते. झाकणाचा लोखंडी डबा घे, जमिनीवर ठेव, डिक्कीत किंवा गालिच्यावर नाही. डबा आणि गाडीची उघडी धातूची जागा यांना तांब्याच्या तारेनं जोड, रंग खरवडून. नळीचं टोक डब्याच्या तळाला टेकव म्हणजे पेट्रोल वरून आपटत पडणार नाही. गळ्यापर्यंत भरू नकोस, उन्हात फुगतं. नरसाळं लागलंच तर पत्र्याचं, आणि ते डब्याला टेकलेलं.

कायद्याचंही सांगतो, कारण सोसायटीचे सेक्रेटरी विचारतील. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं. पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात हवं, धातूचं असेल तर एक भांडं २५ लिटरपर्यंत, काचेचं असेल तर फक्त १ लिटरचं. प्लास्टिकचं नाव त्यात नाहीच. यापेक्षा जास्त झालं की परवान्याची भानगड येते, आणि ते सगळं नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था, बघते. तुझी अख्खी टाकीच तिसाच्या आतबाहेरची, म्हणजे दोन डब्यांत काम होईल. पण हे डबे रात्रभर तळघरात ठेवायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत झालं की लोक घाम पुसतात आणि चहा मागवतात. माझ्या मते खरा धोका इथून सुरू होतो. भरलेल्या टाकीत वर वाफ असते, पण ती इतकी दाट की पेटायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत हवा शिरते. वेल्डिंगवाल्यानं रिकामी टाकी मागितली ना? तो स्वतःसाठी बॉम्ब मागतोय आणि ते त्याला माहीत नाही. 'काल रिकामी केली, रात्रभर उघडी ठेवली, वासही नाही' हे ऐकून कोणीही टाकीला वेल्डिंगची ज्योत लावू नये. पत्र्याच्या जोडांत, आतल्या गंजात पेट्रोल मुरलेलं असतं, आणि बाहेरून तापवलं की तेच वाफ होऊन निघतं.

टाकी झाळायची पद्धत आहे, पण ती रेडिएटर-टाकीचंच काम करणाऱ्याकडे. तो आधी टाकी गरम पाण्यानं आणि कॉस्टिकनं उकळून धुतो, वाफ मारतो, झाळताना भोकाजवळची जागा सोडून आत पाणी भरून ठेवतो. तो हे करताना तुला दाखवायला तयार नसेल तर टाकी घेऊन परत ये. आणि माझं ऐकशील तर झाळूच नकोस. भोक आतून गंजून पडलेलं असतं, एक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. ८००च्या टाक्या अजून मिळतात. बाहेरून एम-सील लावणं म्हणजे गाडी गॅरेजपर्यंत टो करून नेण्यापुरतं.

रसायनवाल्या_काकू

पीथमपूरच्या दादांनी टाकीचं सांगितलं, त्याला थोडा हिशेब जोडते. कॉलेजात तीस वर्षं खडू घासल्यावर हिशेब केल्याशिवाय राहवत नाही.

पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ टक्के ते ७.६ टक्के असली तरच पेटते. त्याहून कमी असेल तर पेटत नाही, त्याहून जास्त असेल तरी नाही. आता ३० लिटरची टाकी घ्या. १.४ टक्के म्हणजे ४२० मिलिलिटर वाफ. एक मिलिलिटर द्रव पेट्रोलची जवळजवळ २०० मिलिलिटर वाफ होते. म्हणजे दोन-अडीच मिलिलिटर, चहाचा अर्धा चमचा म्हणा, एवढं पेट्रोल टाकीत कुठेतरी राहिलं की ती स्फोटाला तयार. आणि दहा-बारा मिलिलिटरपर्यंत ती तयारच राहते. नळीनं टाकी कितीही उपसली तरी अर्ध्या चमच्याहून जास्त मागे राहतंच. म्हणून 'पूर्ण रिकामी' हा शब्द इथे फसवा आहे.

छप्पनच्या भियांना: दुधाचा काहीही उपयोग नाही. पेट्रोल पोटात गेल्यापेक्षा फुफ्फुसात गेलेलं वाईट. ते इतकं पातळ असतं की ठसका लागला की थेट श्वासनलिकेत शिरतं आणि फुफ्फुसाला सूज आणतं, न्यूमोनियासारखी. कोणी चुकून गिळलंच तर ओकारी काढायला लावू नका, कारण वर येताना ते पुन्हा फुफ्फुसाची वाट धरतं. तोंड धुवायचं आणि हॉस्पिटल गाठायचं, खोकला असो वा नसो.

आता त्या चेंबरबद्दल. पाण्यात तेल सोडू नका असं शाळेत शिकवतात तेवढंच हे नाही. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ला पेट्रोल गटारांमध्ये झिरपलेलं होतं. त्याच्या स्फोटांनी किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते फाटले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तुमचं वीस लिटर तेवढं करणार नाही, पण तुमच्या मल्टीच्या चेंबरची झाकणं उडायला आणि खालच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या जाळीतून वाफ वर यायला पुरेसं आहे. कचरागाडीतही देऊ नका. तिच्यात घरगुती धोकादायक कचऱ्याचा वेगळा डबा असतो खरा, पण तो बॅटऱ्या, औषधं, रंगाचे डबे यांच्यासाठी. त्यात पेट्रोल ओतलंत तर त्या गाडीवरच्या माणसाच्या जिवाशी खेळ होईल.

स्कूटरला घालण्याआधी एक करा. काचेच्या बाटलीत थोडं घ्या आणि तासभर न हलवता ठेवा. खाली वेगळा थर बसला तर ते पाणी, आणि त्यात बहुधा इथेनॉलही. २०२१च्या पेट्रोलमध्येही इथेनॉल मिसळलेलं होतं. ते हवेतली ओल धरतं, आणि ओल ठरावीक प्रमाणाच्या पुढे गेली की पाणी-इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. टाक्या आतून तिथूनच सडतात. रंग चहासारखा झाला असेल तर त्यात डिंक तयार झालाय, तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, बसेल.

ग्वाल्हेरवाला_जुनी_गाडी

वर कोणी ड्रेन प्लगचं बोललं नाही म्हणून लिहितो. काही जुन्या गाड्यांच्या टाकीला तळाशी प्लग असतो, माझ्या गाडीला आहे. ८००ला खाली वाकून बघा. पण असला तरी भरल्या टाकीला तो उघडू नका, असं माझं मत. गंजलेला प्लग आधी हलत नाही, मग एकदम सुटतो, आणि धार कोपरापर्यंत येते. ती बंद करता येत नाही कारण तोवर प्लग डब्यात पडलेला असतो. आधी वरून पंपानं काढा, शेवटचं लिटरभर राहिलं की मग प्लग. पाना पितळी असेल तर उत्तम. वायसर नवीन घालायला विसरू नका.

सुदामानगरकर

काका, काकू, मनापासून धन्यवाद. आज सकाळी मल्टीतल्या चौघांना पोहे-जिलेबी कबूल करून गाडी मागच्या मोकळ्या प्लॉटवर ढकलली. मागचं डावं चाक खरंच चिकटलं होतं, लाकडावरून ठोकल्यावर सुटलं. प्लग नाही, वाकून बघितलं. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात निघाला, सेक्रेटरींना दाखवला तर तेच घाबरले, आता नवीन मागवतायत. तो येईपर्यंत टाकी उघडत नाही.

दोन प्रश्न राहिले. वरून पंपानं काढल्यावर तळाशी राहतं ते कसं काढायचं? आणि निघालेलं पेट्रोल नेमकं द्यायचं कुठे? बाबांचं म्हणणं, नवीन पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळून संपवू, फेकायचं कशाला.

पीथमपूरचा_रिटायर्ड

सेक्रेटरी घाबरले हे एक काम चांगलं झालं.

तळाचं असं. टाकी तशीही बदलायची असेल तर तळाच्या लिटर-दीड लिटरशी झटापट करू नकोस. तेवढं घेऊनच टाकी उतरव, सगळ्या नळ्यांची तोंडं बुचानं बंद करून. ती वजनाला हलकी असते आणि दोघांत सहज उतरते. पण त्यासाठी गाडी उचलावी लागते, ती घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), आणि पुढच्या चाकांना विटा लावून. जॅक फक्त उचलायला. टाकी उतरल्यावर ती उघड्यावरच आडवी करून तळाचं डब्यात ओत. टाकी ठेवायची असेल तर पुढे एसी पंपाकडे येणारी नळी पंपाच्या अलीकडे सोड आणि तिला तोच फुग्याचा पंप लाव. ती नळी टाकीच्या जवळजवळ तळातून उचलते. तिथून पहिलं येईल ते गढूळ असेल, ते वेगळ्या बाटलीत धर, काकूंच्या चाचणीसाठी.

बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या काळी मिसळून संपवणं चालायचं. चार महिन्यांचं असतं तर मीही हो म्हटलं असतं. हे वासच बदललेलं आहे, त्यात पाणी असण्याची शक्यता आहे, आणि ज्या गाडीत घालणार तिच्या इंजेक्टरची किंमत त्या वीस लिटरांपेक्षा जास्त आहे. मोठ्या वर्कशॉपकडे जा. जळलेलं तेल त्यांना प्रदूषण मंडळाच्या परवानाधारकाकडेच द्यावं लागतं, तर त्यांच्यामार्फत हे जाईल का ते फोन करून आधी विचार. पेट्रोल तेलाच्या पिंपात मिसळू मात्र देऊ नकोस, वेगळंच सांग. एक-दोन जण नाही म्हणतील, कोणीतरी हो म्हणेल. डबे गाडीतून नेताना काचा उघड्या, डबे उभे बांधलेले, आणि सिगारेटवाला मित्र बरोबर नको.

डब्यावर मोठ्या अक्षरात 'जुनं पेट्रोल' लिही. आमच्याकडे एकदा न लिहिलेल्या डब्यातलं रॉकेल समजून एकानं हात धुतले होते, नशीब शेजारी वेल्डिंग चालू नव्हतं.

आणि नळ्या सगळ्या बदल, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं, तुझ्या ९६च्या रबराला ते सोसायचं नाही, फुगून चिरा पडतील आणि डाग पुन्हा दिसेल, या वेळी गरम इंजिनावर. दुकानात जुन्या नळीचा तुकडा घेऊन जा आणि 'पेट्रोल होज' म्हणून माग. नुसतं 'नळी' म्हणालास तर पारदर्शक पाण्याची नळी कापून देतील. क्लिपाही नवीन घे. एसी पंपाचा पडद्याचा किट मिळाला तर तोही उचल, पंप उघडलेला असेलच.